बटण दाबल्यावर फाइलीत काय उरतं

(काळा पडदा. बटणाचा 'टिक' आवाज.)

हा आमच्या दुकानाच्या शटरचा रिमोट. बटण दाबलं तेव्हा हवेतून जे गेलं, ते फ्लिपर झिरोने, म्हणजे रेडिओ संकेत टिपणाऱ्या एका छोट्या उपकरणाने, टिपून ठेवलं. फाइल साधी मजकुराची आहे, नोटपॅडमध्येही उघडते.

वर फ्रिक्वेन्सी लिहिली आहे: ४३३९२००००, म्हणजे ४३३.९२ मेगाहर्ट्झ. खरा ऐवज खाली, रॉ डेटाच्या, म्हणजे जसंच्या तसं टिपलेल्या आकड्यांच्या ओळींत.

(आकडे जवळून.)

३५० -१०५० १०५० -३५० ३५० -१०५०...

यात पासवर्ड शोधू नका. प्रत्येक आकडा म्हणजे मायक्रोसेकंदांतला वेळ. अधिक असेल तेवढा वेळ रेडिओ लहर चालू, उणे असेल तेवढा वेळ बंद. ठोका आणि विराम, बस्स.

प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येत नाहीत. सुरुवातीला तर नुसता खरखराट असतो. पुढेही ३५०च्या जागी कधी ३३८ येतो, कधी ३७१. स्वस्त रिमोटमधल्या चिपचा वेग एका रेझिस्टरवर ठरतो, तो थोडा इकडेतिकडे होणारच. म्हणून आकडा धरून बसायचं नाही, प्रमाण बघायचं: एकास तीन. आखूड ठोका, लांब विराम म्हणजे शून्य. लांब ठोका, आखूड विराम म्हणजे एक.

मग मध्येच हा येतो: -१०८५०. एवढी मोठी शांतता सापडली की मला हायसं वाटतं, कारण निरोप तिच्यानंतर सुरू होतो. २४ बिट, म्हणजे असे २४ शून्य-एक, पुन्हा शांतता, पुन्हा तेच २४ बिट. बोट बटणावर असेपर्यंत हेच चालतं. ईव्ही१५२७ जातीच्या या चिपमध्ये पहिले २० बिट रिमोटची ओळख सांगतात, शेवटचे ४ कुठलं बटण दाबलं ते.

आता तेच बटण पुन्हा दाबू आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवू.

(पडद्याचे दोन भाग.)

चोवीसच्या चोवीस बिट तेच. कालचेही तेच, उद्याचेही तेच. ही फाइल ज्याच्या हाती, शटर त्याचं. हे डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री मी शटरला वेगळं कुलूप लावलं, आणि मग रिमोट बदलला.

हा नवा, कीलॉक पद्धतीचा. आत मोजणी चालते, प्रत्येक दाबाला ती पुढे सरकते आणि एका गुप्त आकड्याची किल्ली लावून, सांकेतिक होऊन बाहेर पडते. वापरलेला कोड शटरमधला रिसीव्हर परत घेत नाही.

पुन्हा दोन फाइली, पुन्हा शेजारी शेजारी. २८ बिटांचा अनुक्रमांक तोच. त्याच्या आधी येणारे ३२ बिट, ज्यांत ती मोजणी लपलेली असते, मात्र पार वेगळे.