मालदीवचा चतुर परत येतो? कोण म्हणालं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मालदीवच्या चतुरांची दहा सेकंदांची क्लिप काय टाकली, कमेंटमध्ये एकच धोशा: "एवढासा जीव आफ्रिकेत जाऊन परत कसा येतो?"

बेसिक गोष्टी पटकन उरकतो. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. पिवळसर अंग, लांबी साडेचार सेंटिमीटर, मागचे पंख बुडाशी रुंद, म्हणून तरंगत जाणं सोपं. उष्ण प्रदेशांत जगभर सापडतो. ईस्टर बेटावर तर चतुराची ही एकच जात. आपल्याकडे पावसाळा सरता सरता मैदानावर थव्याने घिरट्या घालतात, बसायचं नाव घेत नाहीत, ते बहुतेक हेच. लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो (तुम्ही करू नका, पाप आहे ते), पण हा पठ्ठ्या कधी हाती लागला नाही.

आता मालदीव. प्रवाळाची बेटं, पाऊस पडला की जिरला, गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच. चतुराची पिल्लं वाढतात पाण्यात. मग ऑक्टोबरात हजारोंनी येतात कुठून? तिथेच राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं तारखा टिपल्या. आधी दक्षिण भारत, मग मालदीवची राजधानी माले, मग आणखी दक्षिणेची बेटं, नोव्हेंबरात आफ्रिकेच्या बाजूची सेशेल्स बेटं. 2009 मध्ये त्याने मांडलं की हे भारताकडून पूर्व आफ्रिकेला निघालेत, हजार मीटरच्या वर, ईशान्येच्या वाऱ्यावर बसून. मालदीवचे लोक या चतुरांना 'हेई नकई धूनी' म्हणतात. धूनी म्हणजे पक्षी, आणि नकई म्हणजे आपलं नक्षत्रच! आपण मृग-हस्त मोजतो, तसं तेही मोजतात.

जाऊन-येऊन फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा. पण मंडळी, हा फेरा एक चतुर करत नाही! जो गेला, तो परत येत नाही. आफ्रिकेत पावसाची डबकी भरतात, तिथे तो अंडी घालतो आणि संपतो. परत येतात त्याची नातवंडं-पतवंडं.

तरी एक दादा लिहितात, "म्हणजे आपलाच चतुर घरी आला ना?" अहो, नाही! पणजोबा मुंबईहून बोटीने मोम्बासाला गेले आणि पणतू विमानाने उतरला, तर पणजोबा परत आले म्हणाल का?

बरं, हिशोबाने बघा. डबक्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सहा आठवडे. फेरा वर्षभराचा. त्यात तीन-चार पिढ्या सहज उरकतात. डबकं आटायच्या आत वाढायचं आणि पुढच्या पावसामागे निघायचं. तळ्याकाठी ठाण मांडून बसणं याच्या स्वभावातच नाही.

पाणी ओळखण्यात मात्र साहेब कच्चे. आमच्या सोसायटीत एकदा एक मादी चकचकीत गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवत अंडी घालत होती. मालक फडकं घेऊन धावले!

आणि हो, "अमूर ससाणेही याच वाटेने जातात का?" असं विचारणाऱ्या ताई, हो. ते ससाणे साधारण त्याच सुमारास भारतातून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात, आणि अँडरसनच्या मते वाटेतली त्यांची शिदोरी म्हणजे हेच चतुर. नोव्हेंबरात लोणावळ्याकडे ससाणे दिसले, तर फोटो मला टॅग करा.