हाताच्या अंतरावर

[दृश्य: अंधार. बर्फावर बुटांचा करकर आवाज. कपाळावरच्या विजेरीचा लालसर उजेड.]

पहाटेचे पावणेसहा. नोव्हेंबर महिना, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या आधीचा शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला शेवॉमेगन-निकोले नावाचं जंगल आहे. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका, भल्याभल्यांची जीभ तिथे अडखळते. या जंगलात एक बाप आणि त्याची अकरा वर्षांची लेक बर्फ तुडवत निघालेत.

गाडीत तिची अखंड बडबड चालू होती. गाडी रस्त्याच्या कडेला लागली, दार उघडलं, थंडी आत आली आणि ती गप्प झाली. तेव्हापासून गप्पच आहे.

दोघांत रायफल एकच. ती बापाच्या खांद्यावर आहे, रिकामी. काडतुसं त्याच्या खिशात.

विस्कॉन्सिनमधला बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा. तेवढ्यासाठी पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. आज उजाडता उजाडता त्यातले बरेचसे अशाच कुठल्यातरी झाडाखाली जाऊन बसलेले असतील.

[दृश्य: मुलीचा चेहरा. नारिंगी टोपी कपाळापर्यंत ओढलेली.]

अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर आम्हालाही पडला होता. इथला कायदा त्याचं उत्तर वयात देत नाही, अंतरात देतो. २०१७ पासून इथे मार्गदर्शकासोबत शिकार करायला किमान वयाची अट नाही. पण तो मार्गदर्शक सतत हाताच्या अंतरावर हवा. अगदी शब्दशः. त्याने हात लांबवला की मुलाला आणि बंदुकीला लागला पाहिजे. बाराव्या वर्षी शिकारीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळवलं, की हे अंतर वाढतं: दिसेल आणि हाक ऐकू येईल इतकं. चौदाव्या वर्षी प्रमाणपत्र हाती असेल तर एकट्याने जायची मुभा. हे प्रमाणपत्र मोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही त्याशिवाय एकट्याने शिकारीला जाता येत नाही.

लेकीचं प्रमाणपत्र अजून व्हायचंय. त्यामुळे यंदा बाप हाताच्या अंतरावर.

[दृश्य: उजाडतंय. हेमलॉकची काळी खोडं, खाली पांढरी जमीन.]

एका जुन्या हेमलॉकच्या बुंध्याला पाठ लावून दोघं बसलेत. इथे सूर्य सातनंतर उगवतो आणि त्याच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी असते. घड्याळ बघून बापाने रायफल भरली आणि लेकीच्या मांडीवर दिली. नळी समोर, बोट चापापासून लांब.

आता बसायचं. शिकारीत धावपळ असते असं ज्याला वाटतं, त्याने इथे दोन तास बसून दाखवावं. पायाची बोटं बधिर होतात. नाक गळतं, पण ओढायचं नाही. पाचोळ्यात एक लाल खार पळते आणि तिचा आवाज थेट हरणाच्या पावलांसारखा येतो. मुलगी तीनदा दचकते. तिसऱ्यांदा बापालाही हसू आवरत नाही.

तोवर ही जमीन कुणाची ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या दोघांचं इथे असणं कळायचं नाही.

हा मुलूख ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्या भाषेत हरणाला म्हणतात वावाश्केशी. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्यांनी जमीन दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्याने तो हक्क मानायचं सोडलं, तेव्हा त्यांना कोर्टात भांडावं लागलं. तो अजून शाबूत आहे असा निकाल लागायला १९८३ उजाडलं.

तहांनंतर इथे कुऱ्हाडी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाइनचं जवळजवळ सगळं जंगल कापून नद्यांतून लाकूड गिरण्यांकडे सोडलं गेलं. उरले बुंधे. ती बुंध्यांची जमीन मग गरीब माणसांना शेती म्हणून विकली. वाळूमिश्रित माती, उन्हाळा जेमतेम, जूनमध्येही हिव पडायचं. शेतं बुडाली, करांची बाकी साचली, माणसं निघून गेली आणि जमिनी सरकारच्या गळ्यात पडल्या. १९३३ मध्ये त्यांतून राष्ट्रीय वनं झाली. महामंदीत बेकार फिरणाऱ्या तरुणांना छावण्यांत ठेवून, रोज देऊन झाडं लावून घेतली. आज हे पंधरा लाख एकरांचं जंगल आहे आणि इथे यायला कुणा जमीनदाराची परवानगी लागत नाही. दूरदृष्टी वगैरे शब्द नंतर चिकटले. मुळात ही जमीन कुणाला नको होती, म्हणून सगळ्यांची झाली.

हरणांचं तसंच. बाजारात मांस आणि कातडी विकायला मारून मारून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण अमेरिकेच्या कित्येक भागांतून दिसेनासं झालं होतं. मग रानातल्या शिकारीच्या मांसाची विक्री बंद झाली. ती आजही बंद आहे. इथल्या हॉटेलात हरणाचं मांस मिळालं तर ते पाळलेल्या हरणाचं. १९३७ च्या एका कायद्याने रायफलींवरचा आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज तो ११ टक्के आहे आणि तो पैसा राज्यांकडे जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने चितळ-सांबराकडे बंदूक रोखणं हाच गुन्हा झाला. इथे बंदूक घेणाऱ्याच्याच खिशाला हात घातला. आज हरणं इतकी आहेत की हेमलॉकची कोवळी रोपं वाढू देत नाहीत.

[दृश्य: झाडांमध्ये हालचाल. एक मादी.]

आठ वाजून चाळीस मिनिटं.

ती खारीसारखी खसफस करत आली नाही. नव्हती, आणि मग होती. सत्तरेक पावलांवर आडवी उभी, कान आमच्याकडे. मुलीने रायफल गुडघ्यावर टेकवली. दुर्बिणीत डोळा लावला. तिच्या श्वासाची वाफ थांबली. बापाचा हात तिच्या कोपराशी, पण टेकलेला नाही.

पाच सेकंद. दहा. आणि तिने नळी खाली घेतली.

"ऑरेंज," ती पुटपुटली.

मादीच्या मागे, चढावर, नखाएवढा नारिंगी ठिपका होता. दुसरं कुणीतरी झाडाला टेकून बसलेलं. आमच्या कॅमेऱ्यामागच्या दोन माणसांना तो दिसला नव्हता. रात्री चित्रीकरण मोठं करून पाहिलं तेव्हा सापडला.

इथल्या शिकवणीत चार नियम घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला. निशाण कोणतं आणि त्याच्यामागे काय आहे, याची खात्री करा. झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर. सार्वजनिक जंगलात तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण टेकडीपलीकडे कोण बसलंय हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर असा भडक रंग सक्तीचा. हरणांच्या डोळ्यांना नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लगेच दिसतो. दिसावा, अशी अपेक्षा.

मादीने शेपटी उभारली, पांढरा झेंडा हलला आणि ती गेली. बाप काही बोलला नाही. थर्मासमधून कोको ओतला आणि पहिला कप तिला दिला. एरवी पहिला तो घेतो.

[दृश्य: रविवार, दुपारचे चार. पिवळा उजेड.]

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वेगळ्या पाणथळीच्या काठावर, दुसरी मादी. मागे मातीचा उंच बांध. या वेळी नळी खाली आली नाही.

आवाज झाला. हरीण उसळलं, झाडीत घुसलं. मुलगी उठू लागली, तर बापाने खांद्यावर हात ठेवून बसवलं. अर्धा तास. घायाळ जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते लांब जातं. तो अर्धा तास आम्ही पूर्ण चित्रित केला. दाखवणार नाही. ती रडत होती आणि तिला ते कुणी पाहायला नको होतं.

माग तिने काढला. बर्फावर थेंब, मग पानावर, मग जरा जास्त. शंभरेक पावलांवर मादी पडली होती. मुलीने हातमोजा काढला आणि तळवा तिच्या मानेवर ठेवला.

"अजून गरम आहे, डॅड."

"हो."

पुढचं काम सुंदर नाही. पोट उघडून कोथळा बाहेर काढावा लागतो, नाहीतर मांस बिघडतं. बापाने सुरी चालवली, लेकीने पाय धरले. काळीज वेगळं पिशवीत घेतलं. मग दोरी बांधून ओढणं. दीड किलोमीटर, मिट्ट अंधारात. निम्म्या वाटेत ती म्हणाली की हरणं रस्त्याजवळ का मरत नाहीत.

त्यांच्याकडचा मादीचा परवाना याच विभागाचा आणि फक्त सार्वजनिक जमिनीसाठीचा. कुंपणापलीकडे कुणाच्या खासगी रानात तो चालला नसता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंद व्हायला हवी. ती बापाने फोनवर केली, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या.

[दृश्य: रस्त्याकडेची टपरी. आत मोठे डबे, दोरीला बांधलेलं पेन.]

एक काम राहिलं. हरणाचं डोकं इथे तपासणीला ठेवतात. हरणांचा मेंदू पोखरणारा, हमखास जीव घेणारा एक रोग २००२ मध्ये या राज्यात पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. निकाल यायला दिवस जातात.

अर्जावर तारीख, ठिकाण, मादी की नर. शिकाऱ्याच्या रकान्यापाशी बापाने पेन तिच्याकडे दिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

घरी फ्रीझरमध्ये बावीस पाकिटं आहेत. प्रत्येकावर तिच्या अक्षरात तारीख, आणि खाली मार्करने: अजून नाही.