नम्र विनंतीतली वेलांटी

हे सदाशिव पेठेतलं आमचं घर, सकाळचे साडेसहा वाजलेत, आणि टेबलावर दिसतोय तो माझा 2017 चा लॅपटॉप. ऑफिसला निघायच्या आधी रोज दीड तास मी याच्यावर एक गेम बनवते. गेम छोटासाच आहे, एक मुलगी आजोबांचं घर शोधत पेठांमधून फिरते, पत्ता कुणाला विचारायचा नाही, फक्त दारांवरच्या पाट्या वाचायच्या. पाट्या खऱ्या आहेत बरं का, मी फोटो काढून ठेवलेत, कारण वाडे पडतायत आणि वाड्याबरोबर पाटीपण जाते.

ऑक्टोबर 2025 मध्ये माझ्या आधीच्या सिस्टीमचा, म्हणजे विंडोज 10 चा सपोर्ट संपला, नव्या आवृत्तीला हा प्रोसेसर चालत नाही, आणि छंदासाठी नवा लॅपटॉप घ्यायला पैसे नव्हते. मामाने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आणून दिली, म्हणाला आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघ गं, आवडली तर टाक. आवडली. मग तपकीर गल्लीतून एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क आणली आणि तिच्यावर मिंट टाकलं.

चित्रं मी क्रिटा या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये काढते. चित्र काढायच्या टॅबलेटची वायर लावली आणि काहीही इन्स्टॉल न करता पेनचा दाब ओळखला, कारण बऱ्याच टॅबलेटचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतात. सगळंच असं सोपं गेलं नाही. फोटोशॉपच्या जुन्या पीएसडी फायलींमधले इफेक्ट आणि अक्षरं नीट उघडली नाहीत, ती चित्रं परत काढावी लागली. एकदा अपडेटनंतर स्क्रीन काळी, रडू यायचं बाकी होतं, पण मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, त्याने अख्खी सिस्टीम कालच्या तारखेला परत नेली. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा, प्लीज.

आता मुख्य गोष्ट, अक्षरं. गेमसाठी मी गोडो वापरते, हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी बनवलेलं इंजिन, 2014 पासून ओपन सोर्स. जुन्या ट्युटोरियलवरून शिकत होते म्हणून सुरुवात गोडो 3 वर केली आणि पहिल्याच पाटीला अडले. लिहिलं 'नम्र विनंती', स्क्रीनवर म चा पाय मोडलेला, र वेगळा, आणि वि ची वेलांटी व च्या पुढे जाऊन बसलेली. पाटी वाचता येत नाही म्हटल्यावर गेमच नाही ना! पाट्या चित्र म्हणून चिकटवायचं ठरवत होते, मग कळलं की मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये हार्फबझ आहे. कुठलं अक्षर कुणाला जोडायचं, वेलांटी कुठे सरकवायची हे ठरवणारी ही लायब्ररी, अँड्रॉइड आणि फायरफॉक्समध्येपण हीच असते. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, आपण 'एक हरफही काढला नाही' म्हणतो ना, तोच हा शब्द. सगळं गोडो 4 मध्ये नेलं, कम्पॅटिबिलिटी रेंडरर निवडला म्हणून जुन्या ग्राफिक्सवरही चालतं, मुक्ता हा फुकटचा फाँट टाकला आणि रन दाबलं. नम्र विनंती. जशी दारावर असते तशी. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

इथूनच विंडोजसाठी एक्स्पोर्ट करता येतं, त्यामुळे मैत्रिणी त्यांच्या मशीनवर खेळतात. आई मात्र याच लॅपटॉपवर खेळली, चष्मा लावून, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत. तिसऱ्या गल्लीत थांबली.

"अगं, ही आपल्या जुन्या वाड्याची ना? जिन्याखालची?"

हो, तीच.