दोरीवर वाळणारी खाकी

मित्रहो, शेजारी पोलीस राहायला आला की आपल्याला नेमके काय वाटते, हा आजचा विषय. ‘पोलिसाची ना दोस्ती बरी, ना दुश्मनी’ असे आपण सहज म्हणतो. जागा भाड्याने देताना पोलीस आणि वकील नको, असे सांगणारे घरमालक तर आपल्यापैकी पुष्कळांना भेटले असतील. जागा रिकामी करून घेण्याची वेळ आली, तर दाद कोणाकडे मागायची, ही त्यामागची भीती असते. ती भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. गाडी उभी करण्यावरून भांडण झाले आणि समोरच्याने वर्दीचा धाक घातला, तर सामान्य माणूस तक्रार घेऊन जाणार त्याच्याच खात्याकडे.

तरीही माझा अनुभव निराळा आहे. माझे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांची एकेक खोली, मधून लांबलचक बोळ आणि मजल्यावर सगळ्यांची मिळून शौचालये. गिरणी कामगार आणि पोलीस तिथे दाराला दार लावून राहत. समोरच्या खोलीत एक हवालदार होते. त्यांची खाकी आमच्या कपड्यांशेजारीच दोरीवर वाळत असे, आणि सकाळी पाण्यासाठी तेही बादली घेऊन रांगेत उभे असत. ज्याची वर्दी आपण अशी निथळताना पाहिलेली असते, त्याचा धाक वाटत नाही. उलट आज बंद दारांच्या सोसायटीत पोलीस दिसतो तो फक्त जिन्यात, कामावर जाता-येता, वर्दीतच. त्याच्याविषयीचा संशय मला वाटते तिथूनच वाढतो.

दुसरी वृत्ती मला अधिक खटकते. ज्याच्याशी आपण एरवी बोलत नाही, त्याच्याकडे पासपोर्टची चौकशी लवकर उरकावी किंवा दंडाची पावती रद्द व्हावी म्हणून मात्र हक्काने जातो. बारा-बारा तासांची ड्यूटी करून तो आला आहे, हे आपल्या गावीही नसते. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून सुरू व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

त्या हवालदारांच्या घरी अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असे आणि विसर्जनाच्या दिवशी ते हमखास बंदोबस्तावर असत. मूर्ती आमचे वडील उचलत, आरती काकू म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारी काका परतत, बोळातच बूट काढत, आणि चौपाटीवरून आणलेली चिमूटभर वाळू ठेवलेल्या पाटापुढे, वर्दी न उतरवता, बराच वेळ हात जोडून बसत.