गिझर उघडण्याआधी बादली लावा

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, समाजमंदिरात झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन.)

थंडी पडली की सकाळी सहालाच माझा फोन वाजतो. "भाऊ, गिझर पेटूनच नाही राह्यला." दुसरा म्हणतो, "पेटते, पन मधातच बंद पडते. डोक्याले साबन लावला अन् थंडं पानी!" या तालुक्यात गिझर दुरुस्त करत मला बावीस वर्षं झाली. माझ्या आईनं जन्मभर पऱ्हाटी-तुराटीवर न्हाणीतलं पाणी तापवलं, पहाटेचा तो धूर मी तिच्या डोळ्यांत बघितला आहे. म्हणून घरात बाळंतीण असताना, म्हातारं माणूस असताना गरम पाणी मधेच गेलं असं कोणी सांगितलं, की मला ते किरकोळ काम वाटत नाही.

आधी हा गॅसचा गिझर पेटतो कसा ते बघा. आत एक रबराची चकती असते, तिला डायफ्राम म्हणतात. नळ उघडला की पाणी वाहू लागतं, वाहत्या पाण्याच्या दाबानं ती चकती एका बाजूला फुगते आणि एक बारीक दांडी ढकलते. दांडी सरकली की गॅसची वाट मोकळी होते आणि मायक्रोस्विच, म्हणजे आतला छोटा स्विच, लागतो, मग सेलच्या जोरावर टकटक ठिणगी पडते. म्हणजे गॅस सोडायचा की नाही, हे पाणी ठरवतं. पाणी अशक्त असेल तर चकती हलत नाही, आणि नवाकोरा गिझरही पेटत नाही.

सुरुवातीच्या काळात हे मला कळत नव्हतं. एका काकाजींकडे मी गॅसचा व्हॉल्व बदलला, मग स्विच बदलला, दोन्हींचे पैसे घेतले. गिझर तसाच. तिसऱ्या खेपेला टाकी बघायला वर चढलो, तर टाकी सरळ स्लॅबवर टेकवलेली. काकाजींनी कापूस विकून दिलेले ते पैसे मी नंतर परत केले, पण ती गोष्ट मनातून गेली नाही.

हिशोब साधा आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार; बार हे दाबाचं माप. आपल्या घरांचा स्लॅब दहा फुटांवर, गिझर भिंतीवर पाच फुटांवर. मधे उरले पाच फूट, म्हणजे दीड मीटर, म्हणजे जेमतेम ०.१५ बार. गिझरच्या माहितीपत्रकात किमान दाब लिहिलेला असतो. तो ०.२ बार असेल, तर टाकीचा तळ गिझरपेक्षा निदान दोन मीटर वर हवा, आणि वाटेतले एल्बो म्हणजे पाईपची वळणं, अर्ध्या इंची पाईप, गंजलेला कॉक जे खाऊन टाकतात ते वेगळं. टाकी भरलेली असताना पेटतो आणि अर्धी झाली की पेटत नाही, असं ज्यांच्याकडे होतं, त्यांचं दुखणं इथंच आहे. टाकीखाली चार-पाच फुटांची लोखंडी घोडी करा, आणि टाकीपासून खाली येणारा पाईप एक इंची ठेवा.

म्हणून मला बोलावण्याआधी गॅस बंद करा, गिझरचा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा, खाली पंधरा लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. ती भरायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील, तर पाणी मिनिटाला तीन लिटरही येत नाही. तेवढ्यावर बरेच गिझर पेटतच नाहीत.

"मधातच बंद पडते" हे बहुतेक वेळा याच कारणानं होतं. आंघोळ चालू असताना मोरीत कोणी भांड्यांसाठी नळ सोडला, पाणी विभागलं, चकती मागे आली, आग विझली. किंवा पाणी जास्त गरम झालं म्हणून माणूस मिक्सरचा थंड नळ मोठा करतो. मग गिझरमधून जाणारं पाणी आणखी कमी होतं आणि तो बंद पडतो. थंड मिसळू नका. गिझरवरच्या फिरवायच्या गोल बटणानं आग बारीक करा आणि नळ पूर्ण उघडा ठेवा. आणि दर वेळी बरोबर वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच गिझरांत तेवढ्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. नळ बंद करून पुन्हा उघडा.

आता क्षार. अमरावती, अकोला, बुलडाणा हा पूर्णा नदीकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं तिथं दिलासा मिळाला, पण वापरायला अजून कित्येक घरी बोअरचंच पाणी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो, असं म्हटलं आहे. पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि तांब्याच्या नळीत आतून बसतो. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो ना, तोच. नळी अरुंद झाली की प्रवाह घटतो, आणि थराआडून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. आग रणरणते, पाणी कोमटच.

हा मी परवाच एका घरून काढून आणलेला डायफ्राम, हातोहात फिरवा. उजेडाकडे धरा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं? एवढ्यानं त्या घरचे तीन आठवडे गेले. कडेला हात लावून बघा, मिठासारखं खरखरीत लागेल. पाणी आत शिरतं तिथं एक बारीक जाळी असते, ती मात्र घरचं माणूस स्वतः काढून जुन्या ब्रशनं धुऊ शकतं. नळीतल्या थरासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते आत भरून ठेवायचं. बुडबुडे आले म्हणजे चुना सुटतो आहे. नंतर भरपूर साध्या पाण्यानं धुवायचं. संडास धुवायचं ॲसिड घालू नका. ते धातूही खातं.

सेलचं थोडक्यात सांगतो. दोन मोठे सेल असतात, दर हिवाळ्याला नवे घाला. होळीनंतर गिझर बंद केला की ते काढून ठेवा, आपल्या उन्हाळ्यात फुटून ते पत्रा खातात. सिलिंडर संपत आलेलं असेल तर कडाक्याच्या थंडीत गॅस कमी निघतो. त्यासाठी सिलिंडर गरम पाण्यात ठेवायचा उपद्व्याप कोणी करू नका.

आता मुख्य गोष्ट. हे सांगण्यासाठीच मी आलो. बर्नरची आग निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी आग म्हणजे गॅस अर्धवट जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. या विषारी वायूला वासही नाही, रंगही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणसाला कडी काढायची शुद्ध राहत नाही.

एका घरी मी पोचलो तेव्हा नुकतंच दार तोडलं होतं. कॉलेजात जाणारी पोर, आजीनं दोनदा हाक मारली, आतून फक्त पाण्याचा आवाज. वाचली ती, आजी दाराशीच बसलेली होती म्हणून. गिझर आत, न्हाणीत, आणि थंडी लागते म्हणून खिडकीच्या झरोक्यात पोतं कोंबलेलं. ते पोतं मी काढलं तेव्हा माझे हात कापत होते. गिझर मी त्याच दिवशी बाहेरच्या भिंतीला लावून दिला.

मघाशी त्या बाईंनी विचारलं, बाहेर लावला तर पाणी येईपर्यंत थंड नाही का होणार? होतं, बाई, पहिला तांब्याभर. पाईपला फोमची नळी चढवा, फरक पडतो. पाऊस-वारा लागू नये म्हणून वर पत्रा टाका, पण तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा. आणि ज्यांचा गिझर आज आत आहे त्यांनी हात वर करा, लाजू नका. सहा घरं. ठीक. पाईप आणि ड्रिल माझ्या गाडीत आहे. पहिलं घर कोणाचं, चला.