कूटचा तास

(दृश्य : रिकामा वर्ग. दिवाळीची सुट्टी, बाकं भिंतीला लावून ठेवलेली.)

हा आमचा वर्ग, दहावी ब. आता इथे भिंतीवर मोठा टीव्ही आलाय, पंखे पण नवीन बसवलेत, पण ती खिडकीची फळी बघा, ती अजून तशीच आहे, वारा आला की आपटते, आमच्या वेळीही आपटायची. सातारा जिल्ह्यातली शाळा आहे. नाव सांगत नाही, कारण बाईंनी अटच घातली होती की शूटिंग कर पण शाळेचं आणि माझं नाव कुठे यायला नको.

मी दहावीला होतो तेव्हा पुस्तकात जगाचा इतिहास होता. २०१८ ला पुस्तक बदललं, आता पोरांना इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, पर्यटन, खेळ असं सगळं आहे, ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण आम्हाला पहिलं महायुद्ध नीट अख्खा धडा होता आणि तो आम्ही शिकायचो कसा, तर कारणं पाठ. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आणि तात्कालिक कारण म्हणजे साराएव्हो, २८ जून १९१४, ऑस्ट्रियाचा युवराज फर्डिनांड, गोळी घालणारा गॅव्ह्रिलो प्रिन्सिप. अजूनही झोपेतून उठवून विचारा. परिणामही पाठ, व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ, झालं. मधली चार वर्षं? ती कुठल्या अपेक्षितमध्येच नव्हती.

बाईंनी या धड्याला दोन तास दिले. पहिल्यात कारणं-परिणाम फळ्यावर उतरवून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या तासाला आल्या तेव्हा हातात पुस्तक नव्हतं, स्टीलचा डबा होता. मागच्या बाकावर लगेच कुजबुज, बाई डबा खाणार वाटतं. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, "कूट". आणि कुणीतरी मोठ्यानं बोललं, "दाण्याचं?"

अख्खा वर्ग फुटला. बाई पण हसल्या. मग म्हणाल्या, "दाण्याचं असतं तर बरं झालं असतं रे, एवढी माणसं उपाशी नसती राहिली."

(दृश्य : नकाशा. मुंबई, बसरा, तिथून वर तैग्रिस नदी.)

कूट हे इराकमधलं गाव. बगदादच्या खाली साधारण १६० किलोमीटरवर, तैग्रिस नदी जिथे पिशवीसारखं वळण घेते ना, त्या पिशवीत बसलेलं. आता तिथे आपला काय संबंध? संबंध असा की १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये युद्ध तुर्कस्तानपर्यंत गेलं आणि इंग्रजांना इराणच्या आखातातल्या तेलाची काळजी लागली, अबादानला त्यांची तेलाची रिफायनरी होती, म्हणून फौज पाठवली ती लंडनहून नाही, हिंदुस्थानातून. आणि त्यात जी मुख्य डिव्हिजन होती तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन.

पूना म्हणजे आपलं पुणं का, असं एकीनं विचारलं. हो, आपलं पुणं. आणि त्या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा अशा भागांतली शेतकऱ्यांची पोरं, त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान. बाईंनी विचारलं, "कुणाच्या घरात मिलिटरीत आहे कोण?" तर पन्नासातले वीसेक हात वर. साताऱ्यात हे नवीन नाही. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं गेली. आणि सातारा-रत्नागिरीकडे कितीतरी गावांत अजून ती संगमरवरी पाटी सापडते, या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नावं नाहीतच.

तर ही डिव्हिजन बसऱ्याहून नदीच्या काठाकाठानं वर सरकत गेली, जिंकत गेली, आणि जिंकायची सवय लागली की होतं तेच झालं. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड. बगदाद घेऊ म्हणून पुढे गेले, २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळच्या टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली, तिथे ती जुनी प्रचंड कमान आहे बघा, तिच्या पायथ्याशी. चार हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. तिथून मागे फिरले ते कूटला येऊन थांबले आणि तुर्कांनी चारी बाजूंनी वेढलं.

१४७ दिवस.

इथे बाईंनी डबा उघडला. आत पीठ होतं. वाटीनं मोजून थोडंसं कागदावर काढलं आणि म्हणाल्या, एप्रिल उजाडला तेव्हा माणशी दिवसाला इतकं. चार-पाच औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. जवाचं. आता गावाकडच्या पोरींना सांगावं लागत नाही की त्यात किती भाकऱ्या होतात, पुढच्या बाकावरची लगेच म्हणाली, "बाई, एक होईल. दुसरी पातळ."

आणि हे पीठसुद्धा आयतं नव्हतं, घोड्यांचा जव होता तो, दळायला जाती कमी पडली, तर ती विमानातून टाकली. खरंच. विमानातून जात्याच्या दगडी पाळी टाकल्या कूटमध्ये. नंतर एप्रिलमध्ये धान्याची पोती पण टाकायला लागले, वेढ्यातल्या फौजेला विमानानं रसद द्यायचा जगातला हा पहिलाच प्रयत्न मानतात, पण त्या वेळची विमानं ती केवढी, आणि खाली तोंडं तेरा हजार, शिवाय गावातले लोक वेगळे.

मग घोडे कापायला घेतले. गोऱ्या शिपायांनी खाल्लं. आपल्या लोकांनी नाही खाल्लं, मराठ्यांनी नाही, मुसलमानांनी पण नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या तारा मागवल्या, की चालेल, हरकत नाही, तरी महिनोन् महिने बहुतेकांनी हात लावला नाही. हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही झाली. शेवटी जनरलनं दम दिला की न खाणाऱ्यांची बढती दुसऱ्याला देईन, तेव्हा कुठे बरेचजण खायला लागले. मला तेव्हा वाटलं होतं, काय हट्ट, जीव जातोय आणि. बाई म्हणाल्या, "तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण घरी परत गेल्यावर गाव पंगतीला घेईल का, हा विचार त्याच्या डोक्यात असणार ना? त्याला घरी जायचं होतं."

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग येतो तो हिशोबाचा. टाउनशेंडनी आधी कळवलं, अन्न दोनेक महिनेच पुरेल. म्हणून सुटकेची फौज घाईघाईत, अर्धवट तयारीनं, जानेवारीच्या चिखलात पुढे ढकलली. आणि त्याच जानेवारीत गावातली घरं नीट तपासली तर धान्य निघालं, पार एप्रिलपर्यंत पुरेल इतकं! आधीच नीट बघितलं असतं तर? सोडवायला आलेल्या फौजेचे २३ हजार मेले किंवा जखमी झाले, आत अडकलेले १३ हजार. बाईंनी ही वजाबाकी फळ्यावर मांडली आणि उत्तर लिहिलंच नाही, तशीच ठेवली.

शेवटी तुर्कांना पैसे देऊ केले, दहा लाख पौंड, मग वीस लाख. नाही म्हणाले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. टाउनशेंडना इस्तंबूलजवळ बेटावर बंगला मिळाला, त्यांचा कुत्रा स्पॉट, तो पण तुर्कांनी सुखरूप इंग्रजांकडे पोचवला. शिपाई मात्र वाळवंटातून चालवत नेले, पुढे बगदाद रेल्वेच्या कामाला लावले, आणि त्या रस्त्यात आणि त्या कामावर हजारो गेले.

(दृश्य : बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, बाहेरून.)

आता ही जी गोष्ट आहे ती मला दहावीत कळली नव्हती, तारखा जुळवताना परवा लक्षात आली. कूट पडलं २९ एप्रिलला. त्याच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ ला, इथे बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. पुढे १९२२ पासून मराठा पलटणींचं सेंटर आलं ते पण बेळगावातच.

आणि पुढे ऐका. या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे तेव्हाच्या इराकच्या, गोंधळाची चौकशी लागली, कमिशन बसलं, १९१७ ला अहवाल आला, औषधं नाहीत, बोटी नाहीत, जखमींचे हाल, सगळं बाहेर आलं. भारतमंत्री चेंबरलेननी राजीनामा दिला. त्या चर्चेत पार्लमेंटमध्ये उभं राहून हिंदुस्थान सरकार ठोकळ्यासारखं ताठर आहे, जुनाट आहे असं ज्यांनी झोडपलं ते माँटेग्यू, आणि काही दिवसांत भारतमंत्री तेच झाले. ऑगस्टमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा. मग माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, टीपा लिहा मधली! फक्त कूटमुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, होमरूलची चळवळ होती, लखनौ करार होता, पण आम्हाला महायुद्ध एका धड्यात आणि माँटफर्ड दुसऱ्याच धड्यात, मधे जणू भिंत. त्या भिंतीपलीकडे तीन मराठा पलटणी आहेत हे कोण सांगणार.

(दृश्य : बाईंचं घर, स्वयंपाकघर.)

बाई आता रिटायर आहेत. मी विचारलं, तो डब्याचा तास दरवर्षी घ्यायचात का, तर म्हणाल्या, "छे रे, पोर्शन संपला असेल तरच. तुमचं वर्ष नशीबवान." बोर्डाला त्या वर्षी कारणंच आली होती, मी चारही लिहिली.

कॅमेऱ्यासाठी परत एकदा पीठ काढून दाखवा म्हटलं. वाटीनं, अंदाजानंच काढलं त्यांनी, पूर्वीसारखं. या वेळी आमच्याकडे डिजिटल काटा होता, त्यावर ठेवलं, १४६ ग्रॅम. बाई म्हणाल्या, "जास्त झालं की." आणि एक चिमूट काढली, मग अजून एक, मग काट्याकडे बघत अजून एक.