केसरीचे दोन अग्रलेख आणि हेतूचा प्रश्न

जुलै १९०८. मुंबई उच्च न्यायालय. आरोपीच्या पिंजऱ्यात बाळ गंगाधर टिळक. खटला राजद्रोहाचा, आणि पुराव्यात केसरीचे दोन अग्रलेख: १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. लेखांची जबाबदारी टिळक नाकारत नाहीत. भांडण आहे ते हेतूचं.

३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रियांचा जीव गेला. या लेखांमधून बॉम्बची भलामण होते, असं सरकार पक्षाचं म्हणणं. घरझडतीत सापडलेलं एक कार्डही कोर्टापुढे आलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. टिळक म्हणाले, स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहायची होती, म्हणून ती टिपून ठेवली. त्या कार्डावरून लेखांचा हेतू ठरवणं मला तरी पटत नाही.

मग टिळक स्वतः सुमारे २१ तास बोलले. अँग्लो-इंडियन पत्रं, म्हणजे इथल्या इंग्रजांची वर्तमानपत्रं, दडपशाही मागत होती, केसरीनं त्यांना उत्तर दिलं. समोरच्याचं बोलणं वगळून उत्तर कसं वाचणार?

१९६९ साली केंब्रिजच्या क्वेंटिन स्किनर यांनी इतिहासकारांपुढे याच्या अगदी जवळचा मुद्दा मांडला. जुना राजकीय मजकूर काय सांगतो एवढंच पाहू नका. तो लिहून लेखक काय करत होता, कोणाला खोडत होता, तेही शोधा.

तसं शोधलं की ९ जूनचा लेख उलगडतो. आदल्याच दिवशी स्फोटकांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कडक कायदे झाले होते. लेख सरकारला बजावतो: कायद्यानं बॉम्ब थांबणार नाहीत, लोकांना हक्क द्या. पण हा इशारा मराठीत छापलेला आहे. तो घरोघरी वाचणारा माणूस सरकारचा नव्हता. सरकारला बजावता बजावता टिळक आपल्या वाचकालाही धीट करत होते, असं मला वाटतं. एकाच लेखात दोन हेतू नांदू शकतात.

ज्यूरीनं सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती मंडालेच्या तुरुंगात गेली.

कोर्टातल्या त्या २१ तासांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. शिक्षा टाळायची होती, की ज्यूरीच्या डोक्यावरून देशाशी बोलायचं होतं? निकालानंतर, या न्यायालयापेक्षा वरची एक शक्ती आहे असं ते म्हणाले, तेव्हा तरी ते ज्यूरीशी बोलत नव्हते.